बाहिया होंडा पूल, १:१६०: ट्रस उभा राहिला, आता स्मारक

मंडळी, फ्लोरिडा कीजचा (अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडची बेटांची माळ) डायोरामा, म्हणजे छोट्या मापातला देखावा, बराच पुढे सरकलाय. तिथल्या बाहिया होंडा पुलाच्या १२८ फुटी गाळ्याचा (दोन खांबांमधल्या भागाचा) ट्रस, म्हणजे पोलादी दांड्यांचा सांगाडा, जोडून झाला, प्रायमरही बसला. १:१६० ला तो २४४ मिमी भरतो, म्हणजे शोकेसमध्ये आरामात मावतो. मूळ पुलात असे १३ गाळे, १८६ फुटांचे आणखी १३ आणि शिवाय एक २४७ फुटांचा. सगळे करायचे म्हटलं तर घरच्यांना दुसरीकडे बिऱ्हाड करावं लागेल.

हा पूल मला आवडतो तो त्याच्या उलट्या रचनेमुळे. रेल्वेगाडी जायची ट्रसच्या पोटातून, आणि १९३८ पासून मोटारी धावल्या त्याच्या डोक्यावरून! उद्योगपती हेन्री फ्लॅगलरची रेल्वे बेटामागून बेट जोडत १९१२ साली टोकाच्या की वेस्ट शहराला पोचली. बाहिया होंडाचं पाणी खोल, म्हणून इथे बहुतेक लांबीत पोलादी ट्रस घातले. पुढे रस्ता करायची वेळ आली तेव्हा दोन बाजूंच्या ट्रसमधली जागा एकेरी रुळांपुरतीच निघाली, दुहेरी रस्ता काही मावेना. मग नवा पूल बांधण्यापेक्षा जुन्याच्याच माथ्यावर स्लॅब टाकला. हातात पैसा नसला की असली डोकी चालतात. १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळातली या बेटांवरची कामं मला म्हणूनच बघावीशी वाटतात. त्यात डामडौल कमी, पण आहे त्यातून काय निघतं याचा हिशोब पक्का.

पैसा नव्हता म्हणजे खरंच नव्हता. की वेस्टमधला सिगारचा धंदा टँपाला गेलेला, नौदलाने तळ आवरता घेतलेला. १९३४ मध्ये शहराचं दिवाळं निघालं आणि केंद्राच्या मदत योजनेचा ज्युलियस स्टोन तिथे ठाण मांडून बसला. बेकार लोकांना कामाला लावून गावाची साफसफाई, घरांची डागडुजी आणि पर्यटकांसाठी वर छप्पर नसलेलं मत्स्यालय अशी कामं त्याने उरकून घेतली. मत्स्यालय १९३५ मध्ये सुरू झालं.

पण याच योजनेची दुसरी बाजू वाईट आहे. कीजच्या रस्त्यात तेव्हा मोठा खंड होता, मोटारी फेरीबोटीवर चढवून न्याव्या लागत. तो सांधायला पहिल्या महायुद्धातले बेकार सैनिक आणले आणि त्यांना विंडली की आणि लोअर मॅटेकुंबे या बेटांवर समुद्राला लागून तंबूंत आणि फळ्यांच्या खोपटांत ठेवलं. २ सप्टेंबर १९३५ ला चक्रीवादळ आलं, हवेचा दाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यातले निम्म्याहून जास्त हेच सैनिक. त्यांना न्यायला मायामीहून सोडलेली गाडी उशिरा निघाली. वाटेतल्या इस्लामोराडा गावी लाटेने डबे लोळवले, इंजिन क्रमांक ४४७ तेवढं रुळांवर उभं राहिलं.

रेल्वे कंपनी आधीच बुडालेली, तिने दुरुस्तीचा नाद सोडला आणि मार्ग ६,४०,००० डॉलरना राज्याला विकून टाकला. आपल्याकडे १९६४ च्या वादळानंतर रामेश्वरच्या पांबन पुलावरून ४६ दिवसांत पुन्हा गाडी धावली, हे आठवलं की गंमत वाटते. दोन्ही पूल साधारण एकाच वयाचे.

आता बांधणीकडे. हा प्रॅट ट्रस आहे. यातले कर्ण (तिरके दांडे) ओढ सोसतात म्हणून सडपातळ, आणि उभे दांडे दाब सोसतात म्हणून जाड. मॉडेलमध्ये दोन्हीला एकच पट्टी वापरली तर पूल खेळण्यातला दिसतो. मी उभ्या दांड्यांना तयार एच-सेक्शन (एच आकाराच्या छेदाची पट्टी) आणि कर्णांना पाव मिमी शीटच्या पट्ट्या जोडीजोडीने लावल्या. रिव्हेटसाठी शिंप्याचं ट्रेसिंग व्हील शीटच्या मागच्या बाजूने हलक्या हाताने फिरवायचं. पुढून जे टपोरे दाणे येतात ते ड्राय ब्रशने (रंग पुसून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने) करडा रंग मारला की छान उठतात. वरचा स्लॅब एक मिमी शीटचा. ट्रसची टोकं तिरकी असल्याने शेजारच्या गाळ्याशी खांबावर व्हीसारखी पोकळी राहते. ती भरू नका, पुलाची ओळखच ती आहे.

सोबत ठेवायला इस्लामोराडाचं वादळ स्मारक घेतलंय, हे मात्र १:४८ मध्ये. डब्ल्यूपीए या मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेच्या कला विभागाचं काम, अनावरण १९३७ चं. १८ फुटी दगडी स्तंभ म्हणजे इथे ११४ मिमी. त्यावर आर्ट डेको (त्या काळातली ठसठशीत भौमितिक शैली) उठावात उसळलेल्या लाटा आणि वाऱ्याने वाकलेली माडाची झाडं, बस्स. माणूस एकही नाही, आणि तेच मला बरोबर वाटतं. दगड तिथलाच, प्रवाळांचे जीवाश्म असलेला चुनखडक. त्याचा पोत आणायला प्लास्टर ओलसर असतानाच जुन्या टूथब्रशचे केस टोचतोय. लाटा सुईने कोरायच्या, पण प्लास्टर पुरतं वाळल्यावर, नाहीतर कडा ढासळतात. समोरच्या, वादळात गेलेल्यांच्या कबरीवर फरशांचा कीजचा नकाशा आहे, तो मी प्रिंट करून चिकटवणार.

पुढचा तुकडा याच मार्गावरच्या सेव्हन माइल ब्रिजचा. तिथे रस्त्याचे कठडे जुन्या रेल्वेचेच रूळ कापून, पांढरा रंग मारून केले होते. त्यामुळे कठड्याला एन गेजचे (१:१६० च्या मॉडेल रेल्वेचे) खरे रूळच वापरायचं ठरवलंय. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात; कोड ५५ मापात जवळजवळ नऊ इंची भरतो, फार जाड दिसेल. कोड ४० हवाय, आणि तो इथल्या दुकानांत मिळत नाही. कुणाकडे हातभर तुकडे पडून असतील तर कळवा, बदल्यात एच-सेक्शनची उरलेली पाकिटं देतो.