रस्ता-वही : दुसरा हिवाळा, जुना कचरा वेगळा, नवा वेगळा

मागची नोंद पोळ्याच्या आधीची. मध्ये तीन महिने गेले, कारण पावसाळ्यात आमच्या रस्त्याच्या कडेला तरोटा आणि गाजरगवत कंबरेएवढं होतं. खाली काय पडलंय ते दिसत नाही आणि साप-विंचवाची भीती असते. आता गवत वाळलं, कपाशीची वेचणी सुरू झाली, आणि मी पुन्हा सकाळी गिरणी उघडायच्या आधी निघते. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते : आमचं गाव तिवसा तालुक्यात. गावापासून अमरावती–नागपूर महामार्गाच्या फाट्यापर्यंत सव्वादोन किलोमीटर रस्ता, त्याचे मी पाच टप्पे पाडलेत. दर रविवारी कचऱ्याचा एकेक नग मोजून उचलायचा आणि वहीत लिहायचा.

पहिल्याच रविवारी पाच टप्प्यांत 412 नग निघाले. उन्हाळ्यात आकडा दोनशेच्या आत आला होता, म्हणून वही मिटून मी मोरीच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसून राहिले. वाटलं, वर्षभर वाकून काय मिळवलं? मग कचऱ्याची चुंगडी, म्हणजे पोतं, उलटी केली आणि एकेक पुडी हातात घेऊन पाहिली. चिप्सच्या पुडीवर पॅकिंगची तारीख असते. बऱ्याच पुड्या मागच्या वर्षीच्या निघाल्या. गवतानं त्या लपवल्या होत्या, गवत वाळताच उघड्या पडल्या. म्हणजे 412 हा लोकांनी यंदा टाकलेल्या कचऱ्याचा आकडा नव्हताच.

तेव्हापासून मी दोन रकाने करते, आणि ही वही ठेवणाऱ्या प्रत्येकानं ते करावेत असं मला मनापासून वाटतं. तारीख असलेल्या पुडीचं सोपं आहे : तीन महिन्यांच्या आतली ती नवी. दारूच्या पव्व्यावरचं लेबल पाहायचं, एक पावसाळा खाल्लेल्या बाटलीवर कागद टिकत नाही. पन्नीतून, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून, गवताचा दांडा वर आला असेल तर ती जुनी. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, पन्नीत बांधून मिळतो; त्या पन्नीवर तारीख नसते. तिला आत तांबूस ओल असेल, तंबाखूचा वास असेल तर ती परवाची. उन्हानं कडक झालेली पन्नी बोट लावताच चुरते, ती जुनी.

या निकषानं 412 पैकी नवे नग 97. मागच्या वर्षी याच आठवड्याच्या चुंगड्या मी गिरणीमागे बांधून ठेवल्या होत्या. त्या काढून तशाच निवडल्या, तेव्हाचे नवे नग 160. मोरीच्या टप्प्यात 58 वरून 19. फाट्यावर मात्र 31 होते, ते 34 झाले.

मोरीचं कारण मला ठाऊक आहे. पानठेला गावाच्या तोंडाशी, पण पन्न्या ठेल्यापाशी फारशा पडत नाहीत. खर्रा एका बैठकीत संपत नाही, पन्नी खिशात फिरते आणि माणूस निवांत बसतो तिथे गळते. आमच्याकडे निवांत बसायची जागा म्हणजे मोरीचा कठडा. म्हणून मी मोरीवर कचऱ्याचा डबा ठेवला होता. आठ दिवसांत त्यात घराघरातलं उष्टं आलं, कुत्र्यांनी डबा लोळवला, आणि एक गाय पन्नीसकट ते खाताना मी पाहिली. पन्नी गायीच्या पोटात साठत जाते आणि शेवटी पोट फाडून काढावी लागते. त्याच दिवशी डबा उचलला.

मग जुलैत एक रात्र जोराचा पाऊस झाला. मोरीच्या दोन नळ्यांपैकी एक पन्न्या आणि पऱ्हाट्यांनी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांनी, गच्च तुंबली. पाणी रस्त्यावरून पलीकडच्या तुरीत शिरलं आणि चार दिवस साचून राहिलं. तुरीच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, अर्धं वावर पिवळं पडलं. ते वावर पानठेलेवाल्याच्या भावाचं. नळी मोकळी करायला आम्ही पाच जण उतरलो, एक भरलेली चुंगडी निघाली, आणि तिच्यात निम्म्याहून जास्त खर्ऱ्याच्या पन्न्या.

त्याआधी दोनदा मी ठेल्यावर बोलून पाहिलं होतं. "वहिनी, पन्नी नाई देली तं गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर जाते," एवढंच उत्तर. नळी उपसली त्या दिवशी पानठेलेवाला चिखलात उभा राहून चुंगडीकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच गिरणीवर आला आणि म्हणाला, "घरची डबी आणली तं दोन रुपये कमी घेतो." आता दहा-बारा जण डबी आणतात. मोरीवरचा आकडा तिथूनच उतरला.

आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी मला रोखून विचारलं, "डबी आणा म्हणता, म्हणजे खर्रा खा म्हणता काय?" प्रश्न खरा आहे. खर्ऱ्यानं गालाचा कॅन्सर होतो हे मी घरातच पाहिलंय. खर्रा सुटावा हेच मला हवं, पण तो सुटेपर्यंत पन्नी नाल्यात जाऊ नये, एवढ्यासाठी ही डबी. ताईंना हे पटलेलं नाही, आणि त्यांचं न पटणं मला बरोबर वाटतं.

आता अवजाराबद्दल, कारण दोघींनी विचारलं होतं. लोखंडी चिमट्यानं मनगट दुखायचं, म्हणून मी घरातली जुनी तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकाला खिळा असलेली काठी, घेतली. खिळ्यावर पन्न्या अडकून राहायच्या. त्यावर उपाय असा : जुन्या स्लिपरच्या तळव्याचा गोल तुकडा कापून काठीत ओवला. तो खाली सरकवला की पन्न्या आपोआप चुंगडीत पडतात. चुरणाऱ्या जुन्या पन्नीला मात्र खिळा लावू नका, तिचे शंभर तुकडे होतात. ती मातीसकट खुरप्यानं उचलून घमेल्यात घ्यायची.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मी तुतारीनंही टोचत नाही. यंदा सहा सापडल्या, दोनवर लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. या बाटल्या रबरी हातमोजे घालून वेगळ्या पोत्यात जातात आणि भंगारवाल्याला कधीच देत नाही. कोणी त्यात गोडेतेल भरून ठेवील.

पाण्याच्या बाटल्या आणि काच भंगारात जाते. पातळ पन्नी कोणी घेत नाही. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला बंदी आहे, तरी ठेल्यावरची पन्नी बोटावर धरली की नखाची रेघ आरपार दिसते. जाळायची नाही हे मी ठरवलेलं आहे. मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांच्या रस्ते करायच्या पद्धतीत अशी पन्नी बारीक करून तापलेल्या गिट्टीवर टाकतात, ती वितळून गिट्टीला चिकटते आणि मग त्यावर डांबर. पण पन्नी धुतलेली, वाळलेली हवी. माझ्या चार चुंगड्या धुवून गिरणीमागे वाळत आहेत. तालुक्याला कोण घेतं, याचा शोध चालू आहे.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. गावात खराटे निघतील, त्या दिवशी मी मोजणार नाही, सगळ्यांबरोबर झाडणार. फाट्याची मोजणी मात्र पुढच्या रविवारपासून दोनदा करते, सकाळी आणि शेवटची एसटी गेल्यावर. तिथला कचरा आमच्या गावाचा की बसची वाट पाहणाऱ्यांचा, हे मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणी फाट्यावर मोजणी केली असेल तर वेळ कोणती धरली ते कळवा.