नातवंडं आजीच्या रिटर्नवर

न्यू जर्सीतल्या आमच्या लायब्ररीत दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल मी लोकांची टॅक्स रिटर्न मोफत भरून देते. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, ‘व्हीटा’ या मोफत रिटर्न भरून देण्याच्या कार्यक्रमात परीक्षा देऊन आलेले स्वयंसेवक हे काम करतात. त्यामुळे मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच कुणीतरी विचारतं, “नातवंडांना आम्हीच सांभाळतो, मग आमच्या रिटर्नवर त्यांना डिपेंडंट, म्हणजे आमच्यावर अवलंबून, असं दाखवता येतं का?”

कायद्याने येतं. पण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना येत नाही, आणि ज्यांना येतं त्या आज्या विचारायलाच येत नाहीत.

सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आजी-आजोबांना इथे ना उत्पन्न, ना रिटर्न. त्यांचा प्रश्न तिथेच संपतो. ग्रीन कार्डावर मुलाच्या घरी राहणाऱ्यांचं थोडं वेगळं. आईबाप आणि आजी-आजोबा एकाच छपराखाली असतील तर पहिला हक्क आईबापांचा. त्यांनी तो सोडला तरी आजीचं उत्पन्न त्या दोघांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त असावं लागतं. शिवाय मुलाने तुम्हालाच डिपेंडंट म्हणून दाखवलं असेल, तर तुम्हाला आणखी कुणाला दाखवता येत नाही. दिवसभर नातवंडांमागे धावणाऱ्या आजीला हे सांगताना मला वाईट वाटतं, पण कायदा मूल कुणाच्या घरी राहतं ते पाहतो, त्याला भरवतं कोण ते नाही.

आता ज्यांना येतं त्यांच्याबद्दल. एक काकू स्वतःचं रिटर्न भरायला आल्या होत्या. सुपरमार्केटमध्ये कॅशियर. पिशवीतून डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा फॉर्म, काढताना शाळेचं एक पत्र बाहेर आलं. वर मुलाचं नाव, खाली पत्ता काकूंचा.

“हा कोण?”

“नातू. लेकीचा. माझ्याकडेच असतो दोन वर्षं. तिची तब्येत बरी नसते, ती दुसरीकडे असते.”

“मग रिटर्नवर त्याचं नाव का नाही?”

“अगं, तो काय माझा मुलगा आहे? आणि लेकीच्या मुलावर मी पैसे घ्यायचे, बरं दिसतं का ते?”

या संकोचामुळे किती घरं हक्काच्या पैशांना मुकत असतील! नातवंड कायद्याच्या व्याख्येत सरळ बसतं. वय १९ च्या आत, किंवा पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. अर्ध्याहून जास्त वर्ष ते तुमच्या घरी राहिलेलं असावं. सुट्टी किंवा हॉस्पिटलमधले दिवस घरीच धरतात. स्वतःच्या निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः केलेला नसावा. पालकत्वाचा कोर्टाचा कागद लागत नाही. लेक त्या घरात राहतच नव्हती, त्यामुळे तिच्या उत्पन्नाशी तुलना करण्याचाही प्रश्न नव्हता.

पैसे किती? २०२५ च्या रिटर्नवर १७ वर्षांखालच्या मुलामागे चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे मिळणारी करातली सूट) २,२०० डॉलरपर्यंत. कमी पगारावर मिळणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट एका मुलासाठी ४,३२८ डॉलरपर्यंत. घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार उचलणाऱ्या एकट्या आजीला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (कुटुंबप्रमुख) म्हणून कमी कर. काकूंच्या पगारात ही रक्कम म्हणजे काही महिन्यांचं भाडं. फक्त सोशल सिक्युरिटीवर जगणाऱ्या आजीच्या हाती मात्र यातलं फारसं लागत नाही, कारण ते पेन्शन कमाईत धरत नाहीत आणि कर मुळातच शून्याच्या आसपास असतो. नातवंडं सांभाळणाऱ्या कितीतरी आज्या निवृत्त असतात, म्हणून हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

काकूंना मी म्हटलं, हे पैसे त्याच्या बुटांचे आहेत, दूध-फळांचे आहेत. त्या बराच वेळ पत्राची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, “आधी लेकीशी बोलते.”

ते बोलणं खरंच आधी व्हायला हवं. एकाच मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) दोन रिटर्नवर गेला तर दुसरं ऑनलाइन भरलेलं रिटर्न सहसा परत येतं, आणि आयआरएस दोघींकडे पुरावा मागू शकतं. त्यासाठी शाळेचं किंवा डॉक्टरांचं, मुलाचं नाव आणि तुमचा पत्ता असलेलं, त्या वर्षाचं पत्र जपून ठेवा. मागची वर्षं राहून गेली असतील तर रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांपर्यंत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून ती सुधारता येतात. काकूंची दोन्ही वर्षं त्यात बसत होती.