गाल भरलेले, पण हिमोग्लोबिन 8.6

लेक दीड वर्षाची असताना तापासाठी सीबीसी ही रक्ततपासणी केली आणि हिमोग्लोबिन आलं 8.6. या वयात 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. सुदामा नगरातल्या आमच्या घरात कोणाला पटेचना. वजन व्यवस्थित, गाल गुबगुबीत, दिवसाला लिटरभर दूध पिणारी पोर! भिंतीचा चुना तेवढा खरवडून खायची. तेही ॲनिमियाचं लक्षण असू शकतं, हे नंतर कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं, ‘पालेभाज्या द्या’ म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. दीड वर्षाचं मूल पालक खाणार किती, आणि त्यातलं लोह अंगी लागणार किती? आईला नुसतं ‘काय द्या’ सांगून भागत नाही, ‘का’ आणि ‘कशाबरोबर’ हेही सांगायला हवं.

ते दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. रक्तातल्या लाल पेशी लहान दिसत होत्या. थॅलेसीमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही तसं दिसतं, म्हणून ताप उतरल्यावर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करायला लावलं. तेही बरंच कमी निघालं, म्हणजे लोहाचीच कमतरता. जन्माच्या वेळी मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो, पुढचं लोह वरच्या अन्नातून यावं लागतं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि पोट भरल्यामुळे पोर जेवत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको, असं त्यांनी बजावलं.

मी नोकरीला जाते, दुपारचं भरवणं सासूबाईंकडे. म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच बरोबर नेलं.

“म्हणजे दूध वाईट का हो?” त्यांनी विचारलं.

“वाईट नाही आजी, फक्त जेवणाच्या वेळी नको.”

सासूबाईंना एवढं पुरलं. दुधाची बाटली जाऊन कप आला. मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, वरण-भात आणि पोहे, सगळ्यावर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहात बुडवलेलं बिस्किट बंद झालं. माझ्या बाळंतपणात डिंकाबरोबर हळिवाचे लाडू करणाऱ्या सासूबाईंनी नातीसाठी हळिवाची पातळ खीर नारळाच्या दुधात केली. आम्ही अंडं खातो, तेही सुरू केलं.

तरी एवढी कमतरता नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, सिरप लागतंच. वजनाच्या दर किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम लोह, असा हिशेब डॉक्टरांनी करून दिला. बाटलीबाटलीत लोहाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे अंदाजाने चमचा भरू नये. दुधापासून तासभर लांब, ड्रॉपर गालाच्या आत मागे धरून द्यायचं, नाहीतर दात काळे पडतात. लाळेऱ्यावर गंजासारखे डाग पडले. शी काळी झाली, त्याची कल्पना आधी दिली होती म्हणून घाबरलो नाही. आशा दीदी, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, आठवड्यातून दोनदा द्यायचं 1 मिलिलिटरचं सिरप घेऊन आल्या. ते निरोगी मुलांना प्रतिबंधासाठी असतं. आमचे उपचार चालू असेपर्यंत ते थांबवायचं ठरलं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या मध्य प्रदेशातली सहा महिने ते पाच वर्षांची 72.7 टक्के मुलं ॲनिमिक निघाली. गुबगुबीत गालांवर विसंबून तपासणी टाळू नका, असं मी भेटेल त्या आईला सांगते.

हिमोग्लोबिन आता 11.4 आहे. साठा भरायला सिरप अजून काही आठवडे चालेल. बाटली कपाटात वर, कुलपात असते, कारण गोड म्हणून मुलाने एकदम प्यायली तर लोहाची विषबाधा होते.