स्प्रिंग तेच आहेत

गेल्या आठवड्यात एका गोठ्यातून निघताना परत तोच प्रश्न आला. "डॉक्टर, तुमच्या एट हंड्रेडले पुढून कोणते स्प्रिंग टाकले जी? आमची त पांदणीत नुसती खडखड करते." यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात माझ्या मारुती एट हंड्रेडबद्दल हे मला आजवर पंधरा-वीस जणांनी तरी विचारलं असेल. (मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, पण गावात जनावराला सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टरच.) तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकतो. स्प्रिंग तेच आहेत, २००५ साली गाडीसोबत आलेले.

मला दणक्यांची एवढी पडली आहे ती माझ्या कमरेपायी नाही. बाजूच्या सीटवर, पट्टा लावून, तीन लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर बसलेला असतो. आत उणे १९६ अंशांचा द्रव आणि त्यात कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. या कंटेनरचं आतलं भांडं बाहेरच्या भांड्यात मानेवर लटकलेलं असतं, मधे निर्वात पोकळी. दणके खाऊन मान गेली की बाहेरून पांढरं दव धरतं आणि नायट्रोजन बघता बघता उडून जातो. माझा एक असाच गेला. सकाळी उठून पाहिलं तर कंटेनर बर्फाच्या गोळ्यासारखा, आणि कांड्या वाया.

त्यानंतर मी तेच केलं जे तुम्ही आता करायला निघाला आहात, स्प्रिंगमागे लागलो. एका मोठ्या गावच्या दुकानात गेलो. त्याने जॅक लावला, समोरच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाड रबर कोंबलं आणि म्हणाला, गाडी उचलली बघा. उचलली खरंच. बोटभर उंच झाली. आठ दिवस मी खूश होतो.

आता त्यात काय चुकलं ते ऐका. स्प्रिंगचे जेवढे वेढे मोकळे, तेवढी ती मऊ. मधे रबर घातलं की वेढे कमी पडतात आणि स्प्रिंग कडक होते. पण स्प्रिंगचं काम फक्त दणका झेलायचं. झेलल्यावर ती परत उसळते, आणि त्या उसळीला लगाम घालतो शॉकअप. माझे शॉकअप तेव्हाच अर्धमेले होते. आधी मऊ स्प्रिंगला त्यांचा लगाम पुरत नव्हता, आता कडक स्प्रिंगला काय पुरणार? गाडी बेडकासारखी चालू लागली. वर पुढची बाजू उचलल्याने चाकांचा टो (वरून बघता आत-बाहेर वळण्याचा कोन) बिघडला, टायर एका कडेने खरवडले गेले. अ‍ॅक्सलचा कोन वाढला आणि अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचा रबरी सीव्ही बूट फाटला. पावसाळ्यात आपली माती त्या बुटात शिरली की ग्रीसचं काय होतं, ते मी सांगायला नको.

मातीचंच बोलायचं तर आपले रस्ते वेगळे आहेत, हे बाहेरचा मेकॅनिक धरत नाही. खड्डे सगळीकडेच असतात. आपल्याकडे रस्ता खालून हलतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि वरचं डांबर लाटेसारखं वरखाली होतं. घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाताना अशा लाटा अंगाला जाणवतात. खड्ड्याला टायर आणि बुश (सांध्यांतली रबरं) उपयोगी पडतात. लाटेला फक्त चांगला शॉकअप. जाड स्प्रिंग दोन्हीकडे नुकसानच करते.

रबर काढायला मी घाटंजीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्प्रिंगकडे पाहिलंही नाही. गाडी उचलली, लांब टॉमी (लोखंडी पहार) लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशात घातली आणि एकदाच दाबली. आर्म पावसाळ्यातल्या दारासारखा सैल हलला. "स्प्रिंगले काऊन दोष देता जी? बुश मेला हे." मग त्याने मला खाली बसवून जंपिंग रॉड दाखवला. आपण समजतो तो गाडी वळणावर कलू नये म्हणून असतो. एट हंड्रेडमध्ये त्याच्याकडे अजून एक काम आहे: त्याचं टोक लोअर आर्ममध्ये घुसलेलं असतं आणि चाकाला मागेपुढे सरकू न देण्याची जबाबदारी त्याचीच. त्या टोकाचं रबर झिजलं की ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकतं, गाडी एकीकडे ओढते, आणि टक् असा आवाज येतो. हाच तो तुमचा खडखडाट, निदान निम्मा तरी. डावीकडचं आधी जातं, कारण कापसाच्या ट्रॅक्टरला वाट द्यायला आपण डावं चाकच डांबराखाली उतरवतो.

पुढच्या चाकांची ही रचना साधी आहे आणि म्हणूनच स्वस्त आहे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी अभियंत्याने ती १९४०च्या दशकात आखली. शॉकअप, स्प्रिंग आणि स्टिअरिंग फिरण्याचा वरचा खुंटा, तिन्ही एकाच खांबात. त्यामुळे वरचं माउंटिंग आणि त्याचं बेरिंग गेलं तरी आवाज शॉकअपचाच वाटतो. स्टिअरिंग फिरवताना बॉनेटखाली स्प्रिंग कटकन उसळते का, ते हात ठेवून बघा.

मी बदललं ते एवढंच: दोन्ही बाजूंचे स्ट्रट (म्हणजे ते खांब), दोन्ही माउंटिंग, आर्मचे आणि जंपिंग रॉडचे बुश, शिवाय आर्म आणि चाक जोडणारा डावा बॉल जॉइंट. नामांकित कंपनीचा नेहमीचाच माल, कसलाही स्पोर्ट्स-बिर्ट्स नाही. अलाइनमेंट आणि मजुरीसकट साडेसात हजारांच्या आतबाहेर गेले. एकाच बाजूचा शॉकअप बदलू नका, गाडी लंगडते.

दोन गोष्टींवर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय, तारेने बांधून काढणारे कारागीर अजून आहेत. ती सुटली तर जबडा फोडते. तिथून सरळ निघून या. दुसरी गोष्ट आमच्या मिस्त्रीकडून शिकलो. गाडी जॅकवर असताना त्याने आर्मचे बोल्ट नुसते हाताने बसवले. चाकं लावली, गाडी खाली घेतली, मला आणि हेल्परला पुढे बसवून गाडी दोनदा दाबली, आणि मग अंगणातच, सपाट जमिनीवर, तो पान्हा घेऊन खाली सरकला. चाक लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच बुशातलं रबर पिळलं जातं. ते कायम पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात फाटतं. "नवीन बुश टिकत नाही" अशी ओरड करणाऱ्यांपैकी निम्म्यांचे बोल्ट हवेत आवळलेले असतात, असं माझं ठाम मत आहे.

हवेचंही सांगून टाकतो. बारा इंची टायरमध्ये "खड्ड्यात दबू नये" म्हणून चाळीस हवा भरणारे लोक मी पाहिलेत. मग दणका टायर नाही, बुशच खातो. गाडीच्या पुस्तकात लिहिली आहे तेवढीच भरा.

उंची वाढवायचं विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. नाल्याला पाणी असलं तर मी अलीकडेच गाडी लावतो, कंटेनर खांद्यावर घेतो आणि मालकाला फोन करतो, बैलबंडी घेऊन ये.

मिस्त्रीकडे जायचं असेल तर पोळ्याच्या आधी जा. एकदा कापूस निघायला लागला की त्याच्या दारात ट्रॅक्टरच उभे असतात आणि आपल्या एट हंड्रेडला तो हातही लावत नाही.