चिरंजीव देखावा: कॅप्टनची मान अखेर थांबली

काल रात्री पावणेबाराला आमच्या गणपतीच्या देखाव्यातल्या कॅप्टनच्या पुतळ्याने विभीषणाकडे मान वळवून बघितलं आणि मान तिथंच धरून ठेवली. थरथर नाही, सर्व्होची, म्हणजे मान फिरवणाऱ्या छोट्या मोटरची, कुरकुर नाही. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि आतल्या खोलीतून "झोपा आता" असा आवाज आला. एकोणीस दिवस या एका मानेने खाल्ले. गणपतीला आता जेमतेम तीन आठवडे उरलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचे तरी एकोणीस दिवस वाचतील.

विषय आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं यान सर्वात जवळच्या ताऱ्याकडे निघालंय. व्हॉयेजर १ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने गेलं तरी तिथं पोचायला सत्तर हजार वर्षांच्या वर लागतात. एवढा प्रवास झेपणार कुणाला? सात चिरंजीवांना. ते न विचारता, न तिकीट काढता चढलेत आणि कॅप्टनचं डोकं फिरलंय. कॅप्टन स्वतः एवढी वर्षं कसा जगणार, हे मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "निवृत्तीनंतरची मुदतवाढ" हे माझं उत्तर त्यांना पटलं, कारण ते स्वतः एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. कॅप्टनचा आवाज त्यांचाच आणि कॅप्टनच्या अंगावरचं खाकीही त्यांच्याच जुन्या शर्टाचं.

तर मान. पाहुणे फिरत्या तबकडीवर उभे आहेत. तबकडीला गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आहे, मंडळांच्या देखाव्यात असते तीच. एकेक पाहुणा दारासमोर आला की कॅप्टनने मान वळवायची, दोन सेकंद रोखून बघायचं, मग डाफरायचं. प्रत्यक्षात व्हायचं असं की वाक्य सुरू झालं रे झालं की मान थडथड हलायची. मामा कडक आवाजात म्हणतायत, "जागा नाही, उतरा खाली," आणि कॅप्टन नंदीबैलासारखा मान डोलावून म्हणतोय, या या, बसा बसा. मुलीची हसून पुरेवाट झाली. माझी नाही.

पहिला संशय अर्थातच वीजपुरवठ्यावर. मानेतल्या सर्व्होचं, एसजी-९० चं, पोट मी सरळ नॅनोच्या (देखावा चालवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड) ५ व्होल्टवरून भरत होतो आणि नॅनो यूएसबीवर. मान अडकली की तो चिमुकला सर्व्होसुद्धा अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो. म्हणून ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर आणला, दोन्हीकडचे ग्राउंड जोडले, सर्व्होच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला. नॅनो मधेच रीसेट व्हायचा, ते थांबलं. थरथर होती तिथंच.

मग सर्व्होवर राग काढला. डोकं जड झालंय, प्लॅस्टिकचे गिअर झिजले असतील, असं म्हणून धातूच्या गिअरचे एमजी-९०एस मागवले दोन. ऑनलाइन घेतले, स्वस्त मिळाले म्हणून खूश होतो. उघडून बघितलं तर वरचा एक गिअर पितळी आणि खालचे सगळे पांढरे प्लॅस्टिकचे. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं, "सर, मेटल गिअरच आहे." एक तरी आहे, हे खरं. तेव्हा सर्व्हो घेताना वजन करून घ्या. खरा एमजी-९०एस तेरा-साडेतेरा ग्रॅम भरतो, एसजी-९० नऊ ग्रॅम. माझे दहा भरले. सोनाराच्या काट्यावर सर्व्हो ठेवणारा मी बहुधा सराफ बाजारातला पहिलाच गिऱ्हाईक.

त्यानंतरचा आठवडा वाया गेला. डोकं पोकळ करून पुन्हा थ्रीडी प्रिंट केलं. मागे वजन लावून तोल साधला. सिग्नलची वायर स्पीकरच्या वायरपासून लांब नेली, पीळ दिला, फॉइलही गुंडाळलं. फरक शून्य.

उलगडा झाला तो अपघाताने. मामांचं एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं म्हणून डीएफप्लेअरमधलं (वाक्यं वाजवणारं छोटं यंत्र) कार्ड काढलं आणि देखावा बंद करायचा राहिला. कार्ड नाही, आवाज नाही, स्पीकर गप्प. आणि कॅप्टन थरथरतोय! म्हणजे आवाजाने खेचलेल्या विजेचा काही संबंधच नव्हता. मग काय उरतं? प्लेअरशी चाललेलं नॅनोचं बोलणं.

मी प्लेअर सॉफ्टवेअर सीरियलवर, म्हणजे साध्या पिनांवरून प्रोग्रामनेच संदेश पाठवायच्या सोयीवर, जोडला होता. वाक्य संपलं का, हे कळावं म्हणून प्रोग्राम त्याला सारखा विचारत होता: संपलं का? आता संपलं का? प्रवासात लहान मुलं विचारतात तसं. आता गंमत बघा. सॉफ्टवेअर सीरियल एकेक बाइट पाठवताना इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारे इशारे) बंद करून ठेवते. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला एक बाइट म्हणजे साधारण १ मिलिसेकंद आणि प्लेअरचा एक आदेश १० बाइटचा. तिकडे सर्व्होला कुठं वळायचं ते कळतं १ ते २ मिलिसेकंदांच्या पल्सवरून, म्हणजे विजेच्या ठोक्यावरून, आणि सर्व्हो लायब्ररी ती पल्स इंटरप्ट आल्यावरच संपवते. इंटरप्ट बंद असेल तर पल्स तेवढी लांबते. म्हणजे डावीकडे बघ म्हणून सांगितलेली मान उजव्या खांद्याकडे निघते, पुढच्या २० मिलिसेकंदांत बरोबर पल्स येते की परत फिरते. हीच ती थरथर. वीज, गिअर, वजन, सगळे निर्दोष. दोष माझ्या चौकस स्वभावाचा.

उपाय दोन पायऱ्यांत. विचारणं बंद. प्लेअरला बिझी नावाची पिन असतेच, वाजत असताना ती लो राहते, तीच वाचली. त्याने वाक्यभर चालणारी थरथर गेली, फक्त वाक्य सुरू होतानाचा एक झटका उरला. त्यासाठी कॅप्टनची मान पीसीए-९६८५ या सर्व्हो चालवणाऱ्या वेगळ्या बोर्डावर नेली. तो बोर्ड पल्स स्वतःच तयार करतो, नॅनो कुणाशी गप्पा मारतोय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. सोळा सर्व्हो घेतो, मी एकासाठी लावलाय. उधळपट्टी म्हणा हवं तर, पण शांत मान बघितलीत तर म्हणणार नाही.

आवाजाबद्दल. मामांची सगळी वाक्यं झाली. व्यासांना: "लॉगबुकात दिवसाला एक ओळ. महाकाव्य नको." बळीराजाला: "तीन पावलं पुढे सरका," आणि लगेच घाईघाईने, "माझ्या डोक्यावर नाही!" परशुरामांना परशू सामानाच्या कप्प्यात ठेवायला सांगितलंय. विभीषण विमानाचा अनुभवी, तो पुष्पकाच्या गोष्टी सांगत गिअर कधी टाकायचा ते शिकवतो. त्याच्यासाठीचं वाक्य मामांनी स्वतः जोडलं: "ड्रायव्हरशी बोलू नये, पाटी वाचा." फक्त मारुतीरायाला डाफरायला ते अजिबात तयार होईनात. शेवटी माइकसमोर हात जोडून म्हणाले, "आपण बसा, आपला पास आहे." मारुतीचं जन्मस्थान म्हणतात ती अंजनेरी इथून, नाशिकहून, तासाभरावर, घरच्या माणसाला तिकीट कसं मागणार? तेच ठेवलंय.

मारुती मात्र तबकडीवर नाही. तो इंजिनखोलीतल्या अ‍ॅक्रिलिकच्या टाकीत उभा आहे, शेंदरी, दोन तोंडांचा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतात, आधी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतात. यानावरही कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) मोजायची तीच पद्धत. मत्स्यटाकीचा छोटा पंप पाणी कंबरेपर्यंत चढवतो, पंप थांबला की गुडघ्यापर्यंत उतरतं. सिलिकॉन भरून दोन दिवस झाले, एक थेंब गळला नाही. मानेच्या रामायणात या टाकीचं कौतुक कुणी केलंच नाही, म्हणून मीच करतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. थरथर नको होती ती कॅप्टनला. पण अश्वत्थामा? कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो म्हणतात, त्याचा वाटी धरलेला हात थरथरायलाच हवा! तो दहा ग्रॅमचा फसवा सर्व्हो त्याच्या हातात बसवायचा, नॅनोच्याच पिनवर ठेवायचा आणि त्याच्या वाक्यापुरतं ते "संपलं का, संपलं का" पुन्हा चालू करायचं. कॅप्टनची मान दुसऱ्या बोर्डावर आहे, तिला धक्का लागणार नाही. अडचण एकच, तबकडी फिरली की वायरींचा गुंता होणार. मग अश्वत्थाम्याला तबकडीवरून उतरवून इंजिनखोलीतच ठेवतो, मारुतीच्या टाकीशेजारी. तेलाचा डबा तिथंच आहे, त्यालाही सोयीचं. म्हणजे तबकडीवर सहाऐवजी पाचच राहिले, खुणा पुन्हा आखायला हव्यात. उद्या.

राहिले कृपाचार्य. त्यांचं डोकं तिसऱ्यांदा बिघडलं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं फिलामेंट (प्रिंटरची प्लॅस्टिकची तार) दमट झालंय, दाढीच्या जागी नुसत्या तारा लोंबतायत. रीळ कोरडं करायला तांदळाच्या डब्यात घातलं होतं, उपयोग झाला नाही आणि घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळी. मामा म्हणाले, "सहाच घे रे, कृपाचार्य कुणाला आठवतायत?" पण शेजारच्या आजी दरवर्षी आरतीनंतर बोटं घालून मूर्ती मोजतात. सिलिका जेलची पाकिटं आणून रीळ आज दिवसभर बंद डब्यात ठेवलं आणि दहा वाजता चौथा प्रिंट लावलाय. साडेपाच तासांचं काम. आत्ता मानेपर्यंत आलाय आणि दिवे दोनदा लुकलुकून गेलेत.