पासवर्ड कुठेच न ठेवता लॉगिन: माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या कामाचा डेटाबेस चोरीला गेला. त्यात पासवर्ड उघडे नव्हते, बीक्रिप्ट या पद्धतीचे हॅश होते, म्हणजे पासवर्डवरून काढलेले, उलटे न फिरवता येणारे ठसे, म्हणून सगळे थोडे निर्धास्त होते. मला राहवेना. परवानगी घेऊन मी कोथरूडच्या ऑफिसात तीन रात्री बसले आणि चोर जे करेल तेच आमच्या बॅकअपवर करून पाहिलं. गावाचं नाव आणि पुढे १२३. मुलीचं नाव आणि जन्मसाल. कुलदैवत. एकामागून एक पासवर्ड सापडत गेले. बीक्रिप्ट प्रत्येक अंदाजाला वेळ लावतं हे खरं, पण हॅश ज्याच्या हातात आहे त्याला घाई कसली?

त्यानंतर एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल आमच्याकडे आलं, तेव्हा मी ठरवलं की अंदाज तपासून पाहता येईल एवढं काहीही एका मशीनवर ठेवायचं नाही.

कल्पना जुनी आहे. गुपिताचे तुकडे करायचे, ठरावीक संख्येइतके जमले तरच ते परत मिळेल, ही रीत शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. अनेक सर्व्हरच्या मदतीने पासवर्डपासून भक्कम किल्ली काढायची, हे फोर्ड आणि कॅलिस्की यांनी २००० मध्ये दाखवलं. मला आधार झाला तो ओपीआरएफचा, म्हणजे सर्व्हरला पासवर्ड न दाखवता त्याच्या किल्लीने हिशोब करून घेण्याच्या रीतीचा. ती नेमकी मांडणारा दस्तऐवज, आरएफसी ९४९७, डिसेंबर २०२३ मध्ये आला, आणि तो ओळ न ओळ वाचण्यात माझा एक महिना गेला.

काम असं चालतं. एका मूळ किल्लीचे तीन तुकडे तीन सर्व्हरवर असतात. ब्राउझर पासवर्डपासून एलिप्टिक कर्व्ह या गणितातल्या वक्ररेषेवरचा एक बिंदू काढतो आणि त्याला एका रँडम आकड्याने गुणून झाकतो. झाकलेला बिंदू सर्व्हरकडे जातो. सर्व्हर त्याला आपल्याकडच्या किल्लीच्या तुकड्याने गुणतो आणि परत पाठवतो. पासवर्ड काय होता हे त्याला कळत नाही, बरोबर होता की चूक हेही नाही. तीनपैकी कोणत्याही दोन सर्व्हरची उत्तरं जोडून ब्राउझर आपला रँडम आकडा काढून टाकतो, निकाल आर्गॉन२ या मुद्दाम संथ हॅशमधून जातो आणि त्यातून सहीची किल्ली बनते. सर्व्हरकडे फक्त तिची सार्वजनिक जोडी, जिने सही तपासता येते, करता येत नाही. एक सर्व्हर पूर्ण चोरीला गेला तरी चोराला प्रत्येक अंदाजासाठी दुसऱ्या सर्व्हरचं दार वाजवावं लागतं, आणि तो सर्व्हर प्रत्येक ठोका मोजतो.

माझा सगळ्यात वाईट आठवडा एका भागाकाराने खाल्ला. पहिला आणि दुसरा सर्व्हर चालू असताना लॉगिन होई, दुसरा आणि तिसरा असतानाही होई. फक्त पहिला आणि तिसरा उरले की नाही. नेटवर्क तपासलं, घड्याळं तपासली, तिसरा सर्व्हर नव्याने उभा केला. शेवटी कागद घेतला. तुकडे जोडताना प्रत्येकाला एका ठरावीक आकड्याने गुणावं लागतं, ते लॅग्रांजचे गुणक. पहिल्या जोडीत ते २ आणि उणे १, दुसरीत ३ आणि उणे २, पण एक-तीनच्या जोडीत दीड आणि उणे अर्धा. उणे चिन्ह मी वेगळं काढून बिंदू उलटा करत होते, त्यामुळे पहिल्या दोन जोड्यांत भागाकार लागतच नव्हता. हा सगळा हिशोब एका ठरावीक मोठ्या संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत चालतो. तिसऱ्या जोडीतला अर्धा मी फील्डच्या, म्हणजे बिंदूंचे निर्देशांक ज्यात मोजतात त्याच्या, अविभाज्य संख्येने, २ चा २५५वा घात उणे १९ हिने काढत होते. हवी होती गटाची ऑर्डर, म्हणजे त्यातल्या बिंदूंची संख्या, जी २ च्या २५२व्या घाताच्या आसपास आहे. कोडमधलं एक नाव बदललं आणि तिन्ही जोड्या चालल्या. तेव्हापासून प्रत्येक जोडीची वेगळी टेस्ट लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

जुने सभासद आणताना एक गोष्ट टाळता आली नाही. हॅश उलटा फिरवून पासवर्ड परत मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाची नवी नोंदणी त्याच्या पुढच्या लॉगिनलाच होणार. चाचणीसाठी आधी मुख्य शाखेतले कर्मचारी घेतले.

सदाशिव पेठेतल्या त्या शाखेत मी मॅनेजर मॅडमना हे सगळं समजावत होते. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, "म्हणजे आमच्या तिजोरीसारखंच. एक किल्ली माझ्याकडे, एक कॅशिअरकडे. मी एकटी उघडू शकत नाही." मग विचारलं, "तुमचे हे तीन सर्व्हर कोण उघडू शकतं?"

मी थांबले. तिन्हींवर दुरून शिरायची एसएसएच किल्ली एकच होती आणि ती माझ्या लॅपटॉपवर होती. त्याहून वाईट म्हणजे मूळ किल्ली मी त्याच लॅपटॉपवर अख्खी तयार करून मग तिचे तुकडे केले होते.

"मॅडम, आत्ता मी एकटी उघडू शकते," मी म्हटलं.

"मग अजून सभासदांना देऊ नका."

नुसते तुकडे बदलून भागणार नव्हतं, कारण मूळ किल्ली तीच राहिली असती. ती फेकून दिली. पेडरसन यांनी १९९१ मध्ये दिलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक सर्व्हरने आपला भाग स्वतः निवडला आणि त्याचे तुकडे इतर दोघांना दिले. अख्खी किल्ली कुठेच, क्षणभरही तयार झाली नाही. एक सर्व्हर आमच्याकडे राहिला, दुसरा संस्थेच्या संगणक विभागाने घेतला, तिसरा संस्थेने नेमलेल्या वेगळ्या कंपनीकडे गेला. चाचणीतल्या सगळ्यांना पासवर्ड पुन्हा ठेवायला लावले, त्याबद्दल मी शाखेत जाऊन प्रत्येकाशी बोलले.

त्या संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवरून दुसऱ्या सर्व्हरवर शिरायचा प्रयत्न केला. प्रवेश नाकारला. तिसऱ्यावरही नाकारला. मॅडमना फोन करून तेवढंच सांगितलं.