खोकू दे तिला

नाशिकला आलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मुलीला खोकला झालाय का गं? अडुळसा दिलास का?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. आपल्याकडे लहान मूल खोकलं की सगळं घर तो खोकला थांबवायच्या मागे लागतं. मध-हळद, आलं-गूळ, छातीला ओव्याची पुरचुंडी, आणि तरी नाही थांबला तर मेडिकलमधली बाटली. माझ्या लेकीच्या बाबतीत मला उलटंच सांगावं लागतं. खोकू दे तिला. तिचा खोकला आम्ही रोज दोन वेळा मुद्दाम काढतो.

मनू चार वर्षांची आहे आणि तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे छातीत चिकट कफ साचवणारा जन्मापासूनचा आजार. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ. माहेर नाशिकचं, गंगापूर रोडला. यंदा रंगपंचमीच्या आधी आलो आणि ऊन चांगलं तापेपर्यंत राहिलो. तिकडची थंडी, शाळा, भाजीबाजार यांवर मी इथे पुष्कळ लिहिलंय. आमचा दिवस खरा बांधलेला असतो तो मनूच्या छातीच्या व्यायामाभोवती, आणि या मुक्कामात इतक्या जणांनी त्याबद्दल विचारलं की नीट लिहूनच टाकते.

इंग्लंडमध्ये बाळ पाच दिवसांचं झालं की मिडवाइफ त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घेते. २००७ पासून देशभर या चाचणीत सिस्टिक फायब्रोसिसही तपासतात. मनू दिसायला ठणठणीत होती, दूध पीत होती, रात्री रडत होती, सगळं जसं असायला हवं तसं. मग फोन आला आणि घामाची चाचणी झाली. बाळाच्या हातावर औषध लावून अगदी सौम्य विजेच्या प्रवाहाने घाम आणतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याच्या वर आकडा गेला की निदान जवळपास पक्कं. मनूचा बराच वर होता.

"आमच्याकडे कुणाला असलं काही नाही," हे माहेरचेही म्हणाले आणि सासरचेही. दोघांचंही खरंच होतं. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे, ते १९८९ मध्ये सापडलं. त्याची एक प्रत सदोष असली तरी माणूस निरोगी राहतो, पिढ्यान् पिढ्या काही कळत नाही. आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मूल आजारी होतं आणि अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. यात कुणाचा दोष नाही, कुणाची नजर नाही, बाळंतपणात काही खाल्लं-न खाल्लं याचा संबंध नाही. माझ्या सासूबाईंना हे समजल्यावर त्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

आपल्या श्वासनलिकांना आतून पातळ ओलावा असतो. त्यात बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे ढकलत राहतात. या आजारात पेशींतून मीठ आणि पाणी नीट ये-जा करत नाही. ओलावा आटतो, कफ चिकट होतो, तंतू त्यात रुततात. मग जंतू तिथे मुक्काम ठोकतात, सूज येते, आणि मूल वरवर खेळत-बागडत असतानाच आत नलिका खराब व्हायला सुरुवात होऊ शकते. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट आमच्या समोर बसली आणि खोकल्याचा मागमूस नसलेल्या बाळाची छाती कशी मोकळी करायची ते शिकवू लागली.

ती पद्धत सांगते. बाळाचं पोट रिकामं हवं, म्हणजे दूध पाजायच्या आधी. अंगात एक पातळ झबलं. बाळाला मांडीवर घ्यायचं, कधी बसतं करून, कधी उताणं, कधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. हाताचा पसा करायचा, बोटं जुळलेली, अंगठा चिकटलेला, मनगट सैल. मग छातीच्या त्या त्या भागावर एका लयीत थोपटायचं. हात बरोबर पडला की पोकळ, बसका आवाज येतो. चापट मारल्यासारखा फटफट आवाज आला तर तळवा सपाट पडलाय. कण्यावर, छातीच्या मधल्या हाडावर, पोटावर आणि बरगड्यांच्या खाली हात जाऊ द्यायचा नाही. आईने पहिल्यांदा केलं तेव्हा तिचा हात भाकरी थापल्यासारखा सपाट पडत होता. मी तिच्या तळव्यात एक लिंबू धरायला दिलं, तेवढी पोकळी ठेव म्हटलं, आणि दोन मिनिटांत तिला आवाज सापडला.

पूर्वी बाळाचं डोकं खाली आणि पाय वर करून हे करत, कफ उताराने वाहून यावा म्हणून. आता लहान बाळांना तसं करत नाहीत. डोकं खाली केल्याने पोटातलं वर येतं आणि ते श्वासनलिकेत गेलं तर फायद्यापेक्षा नुकसानच. हे इथे ठळकपणे लिहिते, कारण जुन्या पद्धतीने शिकलेले लोक अजून भेटतात.

शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून थपथप ऐकू यायची. एक दिवस त्या येऊन बसल्या. "एवढ्याशा पोरीला मारता काय गं रोज?" मनूनेच त्यांना उत्तर दिलं, "काकू, मारत नाही, कफ सुटतोय." मग तिने त्यांच्या पाठीवर स्वतः करून दाखवलं.

चार वर्षांच्या मुलीला मांडीवर धरून ठेवता येत नाही, त्यामुळे आता आमचा मुख्य व्यायाम बाटलीतल्या फुग्यांचा आहे. तिकडे दुधाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली मिळते, तिच्यात चार-पाच इंच पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, हवा तर खायचा रंग, आणि तळापर्यंत जाणारी नळी. मुलाने नळीतून लांब, संथ फुंकायचं. पाण्यातून हवा ढकलताना उलटा दाब तयार होतो, तो बारीक नलिका उघड्या धरतो, हवा कफाच्या मागे पोचते आणि कफ सुटतो. बुडबुड्यांनी होणारी थरथरही मदत करते. पाणी किती यावर दाब ठरतो, म्हणून ते आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, आपल्या मुलासाठी फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या खुणेपर्यंतच भरायचं. नाशिकला बाबांनी सर्जिकलच्या दुकानातून नळी आणली आणि खूण करायला पट्टी घेऊन बसले. खाली परात ठेवायची, कारण फेस वर येऊन सांडतो आणि तेच मुलांना हवं असतं. पाणी दर वेळी ताजं. झालं की बाटली-नळी गरम साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची.

काही फुंका झाल्या की 'हफ' करायचा, म्हणजे तोंड मोठं उघडून, घसा न आवळता, पोटातून 'हाऽ' असा श्वास जोरात सोडायचा. मनूला हे नुसतं सांगून जमेना. मग आजोबांनी चष्मा काढून तिच्यासमोर धरला. काच धुरकट झाली की हफ बरोबर. आता दोघांचं सकाळचं ठरूनच गेलं होतं, ती काच धुरकट करायची आणि ते धोतराच्या टोकाने पुसायचे. दोन-तीन हफनंतर आतून ओला, खोल खोकला येतो, कफ घशापर्यंत येतो. या वयाची मुलं तो थुंकत नाहीत, गिळतात. चालतं. छातीतून निघाला हे महत्त्वाचं.

व्यायामाआधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप आणि मग नेब्युलायझरने मीठपाणी. सलाइनच्या बाटलीत मीठ ०.९ टक्के असतं, हे त्याहून कितीतरी जास्त, ७ टक्क्यांपर्यंत. ते श्वासनलिकेत पाणी ओढून घेतं आणि चिकट कफ पातळ होतो. "मग साधी वाफच द्या की," असं इथे प्रत्येकाने सुचवलं. वाफेने हे काम होत नाही आणि लहान मुलाजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवणं धोक्याचं आहे. धुरीचं तर नावच नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-वावडिंग टाकायची आपली पद्धत आहे, पण धूर कुठल्याच बाळाच्या छातीला चांगला नाही आणि मनूसारख्यांच्या तर मुळीच नाही.

रंगपंचमीचं सांगायलाच हवं. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाड. पेशव्यांच्या काळापासूनचे ते दगडी हौद वर्षातून एकदा उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. माझं लहानपण शनी चौकातली रहाड बघत गेलंय. मनूच्या मामेभावांनी तिला न्यायचा हट्ट धरला आणि मला नाही म्हणावं लागलं. साचलेल्या पाण्यात आणि ओल्या जागी स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो. बाकीच्यांना तो सहसा काही करत नाही, या मुलांच्या फुप्फुसात एकदा घट्ट बसला की हटवणं फार कठीण. गच्चीवर नळाच्या ताज्या पाण्याची नवी पिचकारी, उधळायला कोरडा रंग नाही, एवढ्यावर सगळी भावंडं गच्चीवर आली आणि दुपारपर्यंत खेळली. माझ्या वहिनीने हे कुणाला न सांगता जुळवून आणलं, तिचे उपकार मी विसरणार नाही.

एप्रिलच्या उन्हाची मला जास्त धास्ती होती. या मुलांच्या घामातून मीठ भराभर जातं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली तेव्हा या आजाराची मुलं पाणी कमी होऊन दवाखान्यात आली, आणि त्याच धाग्यावरून पुढे १९५३ मध्ये घामातल्या मिठाचा उलगडा झाला. अंगातलं पाणी कमी झालं की कफही घट्ट होतो, म्हणजे छातीच्या व्यायामाची अर्धी मेहनत वाया. आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं जादा मीठ होतंच. आईने त्याच्या जोडीला मीठ घातलेलं कैरीचं पन्हं आणि ताक लावून दिलं.

या मुक्कामात निफाडकडची एक आई मला भेटली, बाबांच्या ओळखीतून. तिचा मुलगा मनूहून थोडा मोठा. द्राक्षांच्या पॅकिंगच्या शेडवर ती कामाला जाते. मुलाला पहिल्या वर्षापासून न्यूमोनिया, वजन भरेना, शी तेलकट आणि ढीगभर, कारण हा आजार पचनही बिघडवतो. कुणी बालदमा म्हणालं, कुणी प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणून टीबीची औषधं दिली, महिनोन्महिने. एकाने तर खोकला दाबायचं औषध लिहून दिलं. हे ऐकताना माझ्या पोटात कालवलं. आपल्याकडे नवजात बाळांची ही चाचणी सरसकट होत नाही आणि हा आजार गोऱ्यांचा, असा समज अजून आहे. अखेर मुंबईत घामाची चाचणी झाली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता.

आम्ही दोघी भेटलो, मुलांना भेटू दिलं नाही. या आजाराच्या दोन मुलांनी जवळ येऊ नये, एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागू शकतात. दोघांनी व्हिडिओ कॉलवर एकमेकांना आपापल्या बाटल्या दाखवल्या. त्याच्या बाटलीतला फेस निळा होता, मनूचा हिरवा.

तिला मुलाचं डोकं खाली करून थोपटायला शिकवलेलं होतं. मी काही फिजिओथेरपिस्ट नाही, म्हणून तिच्या मुंबईच्या फिजिओथेरपिस्टना तिथूनच फोन लावला. त्यांनी वय आणि वजन विचारून पद्धत बदलून दिली आणि मनूच्या बाहुलीवर तिच्याकडून करून घेतली. दिवसभर घड तोडून, पेट्या भरून आलेले तिचे हात. पहिल्याच फेरीला आवाज बरोबर आला.

मनूला तिकडे सरकारी आरोग्यसेवेतून नवं औषध फुकट मिळतं. तीन औषधांची ती गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये बारा वर्षांवरच्यांसाठी आणि २०२३ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, दाण्यांच्या रूपात, मंजूर झाली. ती सीएफटीआरचं बिघडलेलं कामच सुधारते आणि ठराविक जनुकदोष असलेल्यांना तिने फार मोठा फरक पडतो. अमेरिकेतली तिची छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे. निफाडच्या आईने मला किंमत विचारली आणि मी सांगितली. मनूचा व्यायाम आमच्या टीमने हे औषध सुरू झाल्यावरही बंद केलेला नाही. त्या मुलाकडे तर आज बाटली, नळी, मीठपाणी, पाचक एन्झाइम आणि आईचे हात एवढंच आहे, आणि त्यावर तो या मोसमात एकदाही दवाखान्यात राहिलेला नाही.

तुमच्या ओळखीत एखादं मूल सारखं न्यूमोनियाने आजारी पडत असेल, खाऊनही अंग धरत नसेल, पापा घेतल्यावर त्याची कातडी खारट लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घामाच्या क्लोराइडच्या चाचणीबद्दल थेट विचारा. नाव घेऊन विचारा. दिल्लीचं एम्स आणि वेल्लोरचं सीएमसी इथे या आजाराचे खास दवाखाने चालतात, तिथून कागदपत्रांवर सल्ला मिळवता येतो का ते तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि निदान झालंच, तर औषधांच्या यादीवर समाधान मानू नका. छाती मोकळी करायचा व्यायाम कोण शिकवणार, हे त्याच दिवशी विचारा आणि घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. आई तापाने झोपली त्या दिवशी मनूचं सकाळचं सगळं आजोबांनी एकट्यांनी केलं.